रनिंग किती?

“रनिंग किती?” त्या पोरानं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या मुलानं उत्तर देऊन टाकलं.

“फार नाही. गावातल्या गावात. मंडई, बँक, देऊळ. कधीमधी फार तर वाईपर्यंत.”

मी देवळात जात नाही. म्हणजे हर्षदला वाटतं तेवढी तरी नाही. पण त्या शोरूममधल्या काचेच्या टेबलाशी बसून माझं देऊळ, माझी मंडई आणि माझी वाई त्यानं परस्पर ठरवली, आणि समोरच्या टायवाल्या पोरानं मान डोलावून ती मंजूरही केली.

या गोष्टीला आता दहा-बारा वर्षं झाली. साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेतून मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. मी खेळाची शिक्षिका. कालिंदी हे माझं नाव घरातल्यांनाच माहीत. गावाला मी ननावरेबाई. हर्षदचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, हर्षद पुण्यात नोकरीला होता, आणि मला गाडी घ्यायची होती. पैसे माझे होते. चालवायलाही मी शिकले होते, तेही वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, शिकवणाऱ्या मास्तरांच्या शिव्या खात. तरी गाडी निवडायला हर्षद बायकोला घेऊन पुण्याहून आला, कारण ‘आई, तुला इंजिनातलं काय कळतं?’ पोरगा वाईट नाही. फक्त इंजिनिअर झाल्यापासून त्याला प्रश्नाआधी उत्तर माहीत असतं.

शोरूममध्ये आम्ही चौघं होतो. मी, हर्षद, माझी सून पल्लवी, आणि माझी जुनी मैत्रीण शमा मुल्ला. शमा आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायची. अंगानं दांडगी आणि तोंडानं त्याहून दांडगी. तिला मी मुद्दाम बोलावलं होतं. का, ते पुढं येईलच.

गाडी कुठली हे ठरलेलं होतं. लहान, आटोपशीर, आमच्या गल्लीत वळेल अशी. प्रश्न उरला होता इंजिनाचा, कारण तीच गाडी दोन इंजिनांत मिळत होती. कुणाल नावाचा तो टायवाला पोरगा शाळेतल्या पाठांतरासारखं सांगू लागला.

“हजार सीसीचं पेट्रोल, तीन सिलिंडर. आवाज नाही, गाडी हलकी, सर्व्हिसिंग स्वस्त. दुसरं तेराशेचं डिझेल, टर्बो. ताकद जास्त, ॲव्हरेज जास्त. पण गाडी महाग पडते, मेंटेनन्स पण जास्त. रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटर रनिंग असेल, तरच डिझेल परवडतं.”

“झालं तर मग,” हर्षद म्हणाला. “पेट्रोल. चांदी रंगात आहे ना?”

“आहे सर, लगेच मिळेल.”

“मला घाट चढायचाय,” मी म्हटलं.

“आई, पेट्रोल गाडी काय घाट चढत नाही का? सगळ्या चढतात.”

“पाच माणसं घेऊन?”

“पाच कोण?”

हे त्याला मी चारदा तरी सांगितलं होतं. कासच्याही पुढं, डोंगरात, उंबरमाळ नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत मला एकदा बक्षीस द्यायला बोलावलं होतं. बक्षीस राहिलं बाजूला, मी तिथल्या पोरींचे पाय बघत बसले. उतारावर गुरांमागं धावलेले पाय. खो-खोच्या मैदानावर त्या पोरी अशा हुलकावण्या द्यायच्या की, पाठलाग करणारीनं तोंडावरच पडावं. तीस वर्षं शहरातल्या पोरींना मी जे घोटून घोटून शिकवलं, ते यांच्या अंगातच होतं. मी दुसऱ्याच आठवड्यापासून तिथं जायला लागले, मिळेल त्या एसटीनं, जीपनं. पगार नाही, पत्र नाही, कुणी बोलावलंही नाही.

अडचण एकच होती. संघातल्या चौघी, आणि त्याच संघाचा कणा, लांबच्या वाडीवरच्या. सराव संपला की अंधाराच्या आत पोरी घरात पाहिजेत, नाहीतर खेळ बंद, असं त्यांच्या घरच्यांनी बजावलं होतं. तेही बरोबरच. वाट जंगलातली, वर गवे. शाळेला गाडी नाही, एसटी त्या वेळेला नाही. त्या चौघींना मी रोज गाडीतून सोडलं, तर संघ टिकणार होता. नाही सोडलं, तर पावसाळ्याआधीच मोडणार होता. आणि वाडीचा रस्ता म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी.

“चार पोरी म्हणजे वजनानं दोन माणसं,” हर्षद म्हणाला.

“आणि दप्तरं? आणि पोरी काय वाढायच्या थांबणारेत?”

“मॅडम, आपण टेस्ट ड्राइव्ह घेऊ या,” कुणाल घाईनं म्हणाला. “सर्व्हिस रोडनं पंपापर्यंत जायचं, वळून यायचं.”

“पंपापर्यंत बैलगाडी पण जाते. मी यवतेश्वरचा घाट चढून बघणार. सगळ्यांना घेऊन.”

“तसं करता येत नाही मॅडम, आमचा रूट ठरलेला—”

“तुझं आडनाव काय रे?”

“साबळे.”

“रोहिणी साबळे तुझी कोण?”

कुणाल उभाच राहिला. “ताई. तुम्ही तिला... तिला अजून तुमची शिट्टी स्वप्नात ऐकू येते मॅडम.”

“मग तिला विचार, मी सपाट मैदानावर कधी कुणाची निवड केली होती का.”

केली नव्हती. निवडीच्या दिवशी मी पोरींना अजिंक्यताऱ्याचा चढ पळायला लावायची, पाठीवर भरलेलं दप्तर टाकून. सपाटीवर सगळ्याच हरणी असतात. कुणालनं आत जाऊन कुणाला तरी विचारलं, आणि किल्ली घेऊन आला.

शमा मागच्या सीटवर बसताना गाडी एका अंगाला झुकली. “मला वजन म्हणून आणलंस होय गं?” ती म्हणाली.

“मग काय चित्र काढायला?”

“हर्षद, तुझ्या आईनं मला पोतं केलं बघ.” पण ती खूश होती.

पल्लवी पुढं माझ्या शेजारी बसली, मागं शमा, हर्षद आणि मधे अंग चोरून कुणाल. पाच माणसं झाली. गावातून गाडी लोण्यासारखी गेली, खोटं कशाला बोलू? ना आवाज, ना धक्का. पोवई नाक्यावर मलाच वाटायला लागलं, की उगाच हट्ट करतोय आपण. समर्थ मंदिर मागं पडलं आणि घाट लागला.

पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या वळणानंतर मी ॲक्सिलरेटर दाबत होते आणि इंजिन नुसतं ओरडत होतं. दुसरा गिअर टाकला, तरी वेग पडतच गेला. मागून एक जीपवाला हॉर्न देत आला, आम्हाला ओलांडताना आत डोकावून बघून गेला.

“एसी बंद कर आई. घाटात बंदच करायचा असतो.”

“चैत्राचं ऊन आहे आणि आत पाच माणसं आहेत.”

“तरी बंद करायचा असतो.”

केला बंद. काचा उघडल्या. गाडीनं एक उसासा सोडला, थोडी पुढं गेली आणि पुन्हा धापा टाकायला लागली. मग पहिला टाकला. पहिल्या गिअरमधे चढली, चढली नाही असं नाही. पण यवतेश्वरचा घाट म्हणजे मोठा डांबरी रस्ता. वाडीच्या शिडीवर काय झालं असतं, ते मला सीटवर बसूनच दिसत होतं.

“मला उतरवा की,” शमा म्हणाली. “मी येते चालत. बहुतेक आधी पोचेन.”

पल्लवी फिसकन हसली. हर्षद वैतागला.

“आई, कायमची पाच माणसं कोण बसवणार आहे? आणि कितीसे दिवस? पेट्रोल गाडीला मागणी असते, वर्ष-दीड वर्षानं विकायला बरी पडेल.”

“वर्ष-दीड वर्षानं कशाला विकायची?”

मी आरशात बघितलं. हर्षद खिडकीबाहेर बघत होता. पल्लवीनं मान वळवून त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं जीभ चावली असावी.

वर, वळणापाशी जरा रुंद जागा होती. तिथं मी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. खाली सगळा सातारा उन्हात पडला होता. हर्षदही उतरला.

“वर्ष-दीड वर्षानं काय आहे?” मी विचारलं.

“आई, घरी बोलू.”

“इथंच बोल.”

“पल्लवीला दिवस गेलेत,” तो म्हणाला.

नातवंड येणार ही बातमी मला गाडीच्या रिसेल व्हॅल्यूतून कळली. मला आनंद झाला. अगदी खरा, पोटातून झाला, आणि त्याच क्षणी असा संताप आला की दोन्ही एकमेकांत मिसळेनात. पल्लवी गाडीतून उतरत म्हणाली, “आई, मी घरी गेल्यावर सांगणार होते. पेढे आणलेत. ह्याला काही राहवत नाही.”

मी तिला जवळ घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवताना हर्षदला म्हटलं, “पुढं बोल.”

“बाळंतपण पल्लवीच्या माहेरी. नंतर तिची आई राहील काही महिने. मग पल्लवीची रजा संपते, आणि तू येणार. कायमची. आम्ही मोठा फ्लॅट बघतोय, तुला वेगळी खोली. इथलं घर मग बंद ठेवण्यापेक्षा काढून टाकलेलं बरं. तोवर गाडीची तुझी हौस होऊन जाईल.”

“कुणी ठरवलं हे?”

“सगळ्यांनी. मी, पल्लवी, तिचे आईवडील. मामाला पण फोन केला होता.”

“मी कुठं होते तेव्हा?”

तो खरं बोलला, कारण खोटं त्याला कधीच जमलं नाही. “तू उंबरमाळला होतीस.”

मागं शमा गाडीतनं उतरली होती. ती काहीतरी बोलणार होती, पण माझा चेहरा बघून तिनं कुणालला लांब नेलं आणि सज्जनगड कुठल्या बाजूला आहे ते त्याला समजावू लागली. साताऱ्यात जन्मलेल्या पोराला.

“आई, तू असं तोंड करू नकोस,” हर्षद म्हणाला. “लोकांच्या पोरींसाठी तू डोंगर तुडवतेस, आणि स्वतःच्या नातवासाठी—”

“बस गाडीत,” मी म्हटलं. त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण वीस मिनिटं मी ज्या इंजिनाला दाबत होते, ते इंजिन माझ्यासाठी निवडलेलंच नव्हतं. मला आवरून ठेवलेलं सामान समजून त्या मापाचा डबा आणला होता. हे मला तिथं, त्या वळणावर उभं राहून कळलं, आणि एकदा कळल्यावर मला कुणाचं काही ऐकायचं नव्हतं.

खाली शोरूममध्ये आल्यावर मी कुणालला म्हटलं, “आता डिझेल काढ.”

“आई, पुरे,” हर्षद म्हणाला.

“पल्लवी, तू इथं सावलीत बस. तुला नको आता घाट.”

“मी येणार,” पल्लवी म्हणाली. “मला बघायचंय.” तिचा आवाज जरा वेगळाच होता.

“मग हळू नेईन,” मी म्हटलं, आणि पुन्हा पाच माणसं घेऊन निघाले.

डिझेलचा आवाज म्हणजे भाताची गिरणी. पोवई नाक्यावर एका रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. गाडी जड लागत होती, क्लच पायाला टोचत होता. आणि घाटातल्या दुसऱ्याच वळणावर मी दुसऱ्या गिअरमधे वेग कमी केला तशी ती खडखडली, थरथरली आणि चक्क बंद पडली. बंद पडून एक हातभर मागं सरकली.

“या अल्ला,” शमा म्हणाली.

“बघ,” हर्षद म्हणाला. त्या एका शब्दात त्याचं सगळं इंजिनिअरिंग होतं.

मी हँडब्रेक ओढून बसले. मागून ट्रक येत होता. एवढा सगळा तोरा मिरवून वर गाडी बंद पाडलेली, सून शेजारी, आणि तीही दोन जिवांची. त्या घडीला कुणी ‘सोड, चल परत’ म्हटलं असतं, तर मी गेले असते, हेही सांगून टाकते.

पण कुणालनं मधून मान पुढं काढली. “मॅडम, ही खालच्या वेगात ऐकत नाही. टर्बो जागा व्हायला थोडा वेळ लागतो. वळणावर सरळ पहिला टाका, मग सोडा तिला.”

अशा पोरी मी खूप पाहिल्यात. सुरुवातीला ढिम्म, आणि एकदा पाय मोकळे झाले की आवरत नाहीत. मी गाडी सुरू केली, पहिला टाकला, क्लच थरथरला तसा हँडब्रेक सोडला. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. गाडी निघाली. मग दुसरा टाकला, आणि पोटात कुणीतरी हात घालून पुढं ओढावं तशी ती वर गेली. एसी चालू, काचा बंद, पाच माणसं आत. तिसरा टाकला. तिसऱ्यातही चढत राहिली. शमा तर टाळ्या वाजवायला लागली. मघाशी ज्या रुंद जागेवर मी उतरले होते, ती जागा कधी मागं गेली ते मला कळलंसुद्धा नाही. पल्लवीनं एकदा हळूच माझ्याकडं बघितलं आणि सीटचा पट्टा नीट केला.

परत आल्यावर हर्षदनं शेवटचा प्रयत्न केला. कुणालला त्यानं बाजूला घेतलं नाही, माझ्यासमोरच विचारलं, त्याचा तेवढा प्रामाणिकपणा मी मानते.

“तूच सांग हिला. एवढ्याशा रनिंगला डिझेल घेणं हा वेडेपणा आहे की नाही?”

कुणाल बिचारा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं सकाळचाच प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी माझ्याकडं तोंड करून.

“मॅडम, रनिंग किती?”

“तुझं डिझेल परवडेल तेवढं,” मी म्हटलं. “लिही. डिझेल. आणि रंग लाल.”

घरी आल्यावर पेढे झाले, देवापुढं दिवा झाला. हर्षद गच्चीत जाऊन बसला. शमा जाताना त्याला हाका मारून खाली आणायला निघाली होती, मीच नको म्हटलं. पल्लवी स्वयंपाकघरात माझ्याजवळ उभी राहिली. भाजी चिरत होती, पण बराच वेळ तीच मिरची चिरत होती.

“मग बाळाचं कोण बघणार, आई?” ती म्हणाली. “मी रागावून नाही विचारत. मला खरंच कळत नाहीये.”

हा प्रश्न खरा होता. दिवसभरात मला कुणी विचारलेला तो एकच खरा प्रश्न.

“मी येईन,” मी म्हटलं. “तू हाक मारशील तेव्हा येईन, माझ्या गाडीनं येईन. काय लागेल ते करीन, रात्री जागीन. आणि माझ्या गाडीनं परत येईन. तेवढं परत येणं सोडून तू माझ्याकडं काहीही माग.”

तिचे डोळे भरून आले. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते मी पुसूही शकत नव्हते. “मला वाटलं होतं, तुम्ही कायमच्या याल,” ती म्हणाली आणि मिरची बाजूला सारली.

हर्षद त्यानंतर बरेच महिने तुटक वागला. फोनवर ‘बरी आहेस ना’ एवढंच. मीही हट्टी, मीही ‘बरी आहे’ एवढंच. लाल गाडी मात्र उंबरमाळला रोज जायला लागली. चौघी पोरी मागं आणि पुढं कोंबून बसायच्या, वाडीच्या शिडीवर मी पहिला टाकायची, आणि अंधाराआधी प्रत्येक पोर आपल्या दारात उतरायची. पावसाळा गेला, संघ मोडला नाही.

मुलगी झाली. पल्लवीची आई परत गेली, रजा संपली आणि पल्लवीचा फोन आला. मी खंबाटकी ओलांडून पुण्याला गेले, राहिले. सराव आठवड्यातून तीनच दिवस ठेवला. चार दिवस पुणे, तीन दिवस डोंगर, असं त्या वर्षी माझं चाललं. लोक म्हणायचे, या वयात काय ही ओढाताण. ओढाताण होतीच. कंबर दुखायची, दुधाच्या बाटल्या आणि खो-खोच्या शिट्ट्या माझ्या डोक्यात एकमेकांत घुसायच्या. पण ती माझी मी मागून घेतलेली होती.

एका गुरुवारी दुपारी मी परत निघाले होते. हर्षद बॅग पोचवायला खाली आला. डिकीत बॅग ठेवून झाल्यावर तो ड्रायव्हरच्या बाजूला आला, उघड्या दारातून वाकला आणि किलोमीटरच्या आकड्याकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. लहानपणी पाढे म्हणताना हलायचे तसेच.

“डिझेल केव्हाच वसूल झालं की गं,” तो म्हणाला.

“झालंच.”

“पण माझं गणित बरोबर होतं, आई. मी शंभरदा तपासलं होतं.”

“बरोबरच होतं रे,” मी सीटवर बसत म्हटलं. “बाई तेवढी भलतीच धरली होतीस.”

तो हसला नाही. दारावर हात ठेवून तसाच उभा राहिला, आणि मला वाटलं आता काहीतरी वाद घालणार. पण त्यानं दार लोटून नीट लागलंय का ते बघितलं, आणि गाडी मागं घ्यायला मला हातानं वाट दाखवू लागला.